पंखा बंद झाला तेव्हा: नॉर्मल ऑडिओग्राम आणि कानातल्या आवाजाचं एक प्रकरण

फाईल जाडजूड होती. तीन ऑडिओग्राम, एक इम्पिडन्स (कानाचा पडदा आणि मधला कान यांची तपासणी), एक एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट आणि वेगवेगळ्या अक्षरांतल्या चार चिठ्ठ्या. तिन्ही ऑडिओग्रामखाली शेरा एकच होता: श्रवणक्षमता नॉर्मल. समोर आलेल्या बाईंनी फाईल टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, पुन्हा तीच टेस्ट करणार असाल तर मी निघते."

मार्चमधली गोष्ट. मी ठाण्यात, नौपाड्यात ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. डॉक्टर नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ पाठवतात त्यांचं ऐकणं तपासते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून हे प्रकरण मांडते आहे. त्यात मी एक चूक केली होती आणि तीही सांगणार आहे.

वय ३४. राहणं घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात, रोज ट्रान्स-हार्बरने ये-जा. सोबत आई आली होती, ती बाहेर बाकावर बसली. ईएनटी सर्जनच्या चिठ्ठीत तीनच ओळी होत्या: दोन्ही कानांत आवाज, डावीकडे जास्त, डिसेंबरपासून. पडदे ठीक, एमआरआय ठीक, ऑडिओग्राम ठीक. कृपया सविस्तर तपासावे.

"आवाज कसा आहे?" मी विचारलं.

"कुकरची शिट्टी व्हायच्या आधी सूंऽ करून बारीक वाफ सुटते ना, तसा. फक्त शिट्टी कधीच होत नाही."

इतकं नेमकं वर्णन क्वचित मिळतं. बहुतेक जण रातकिडे म्हणतात, कुणी समुद्र, कुणी बिघडलेली ट्यूबलाइट. या वर्णनाला तपासणीत किंमत असते. बारीक, सलग, उंच पट्टीचा आवाज एका दिशेला नेतो. नाडीसारखा ठक-ठक करणारा दुसऱ्याच दिशेला. म्हणून मी त्यांना मनगटावर बोट ठेवून कानातल्या आवाजाशी ताल जुळतो का ते पाहायला सांगितलं. जुळला नाही. नाडीबरोबर चालणारा आवाज असता तर माझं काम तिथेच थांबलं असतं. तो रक्तवाहिन्यांचा प्रश्न असू शकतो, त्यांना लगेच परत सर्जनकडे पाठवलं असतं. ऐकणं एकाएकी कमी झालं होतं का? नाही. (झालं असतं आणि त्याच दिवसांत त्या आल्या असत्या, तर ती तातडीची बाब होती. अचानक कान गेला तर 'दडा बसला असेल' म्हणत आठवडा घालवू नये.) चक्कर, चेहऱ्याला बधिरपणा, क्षयाची इंजेक्शनं, किमोथेरपी, रोजच्या रोज ॲस्पिरिन? काहीच नाही. आवाज एका बाजूला जास्त म्हणून श्रवणाच्या नसेवरची गाठ नाही ना हे पाहायला एमआरआय आधीच झाला होता, आणि तो योग्यच होता.

मग मी विचारलं, "मोठ्या आवाजाशी कधी संबंध?"

"सहा वर्षं पथकात ताशा वाजवते."

केस पेपरवर मी 'ताशा, ६ वर्षं' असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. त्या दोन रेघांनी माझे पुढचे तीन आठवडे खाल्ले.

नॉर्मल या शब्दात काय मावतं

त्यांचा राग समजून घ्यायचा तर हा शब्द उलगडावा लागतो. नेहमीचा ऑडिओग्राम २५० ते ८००० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात, मोजक्या सुरांवर, 'तुम्हाला ऐकू येणारा सर्वांत हळू आवाज कोणता' हा एकच प्रश्न विचारतो. तरुण निरोगी कान २० पासून २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. पेटीच्या मधल्या सप्तकातल्या सात-आठ पट्ट्या दाबून बघायच्या आणि पेटी ठीक आहे म्हणायचं, तसं हे आहे. बोलणं समजण्यासाठी लागणारे सूर त्या पट्ट्यात येतात, म्हणून ही चाचणी तिथे थांबते. तिचा काही दोष नाही. ती ज्यासाठी बनली ते काम ती चोख करते.

दुसरं, २५ डेसिबलपर्यंत सगळं नॉर्मल धरण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या अहवालात ही रेघ २० वर आणली. तरीही, ज्याचा कान मुळात शून्य डेसिबलवर ऐकत होता आणि आता १५ वर आला, तो दोन्ही हिशोबांत नॉर्मलच. त्याचं काय गेलं हे कागद सांगत नाही, कारण आधीचा कागदच नसतो. आपण डोळ्यांचा नंबर शाळेपासून काढतो. कानाचा पहिला ऑडिओग्राम बहुतेकांचा तक्रार झाल्यावरच निघतो.

तिसरं कारण अधिक आतलं आहे. आतल्या कानाच्या शंखात आवाज मेंदूकडे पाठवणाऱ्या साधारण साडेतीन हजार केशपेशी असतात, आणि त्यांना जोडलेले श्रवणनसेचे सुमारे तीस हजार तंतू. बारीक 'टूं' ऐकून बटण दाबायला त्यातले थोडेच पुरतात. २००९ साली कुजावा आणि लिबरमन यांनी उंदरांना दोन तास १०० डेसिबलचा आवाज ऐकवला. काही दिवसांत उंदरांचं ऐकणं पूर्ववत झालं, म्हणजे त्यांचा ऑडिओग्राम काढला असता तर तो नॉर्मल आला असता. पण शंखाच्या उंच सुरांच्या भागात केशपेशी आणि नसतंतू यांच्यातले निम्म्यापर्यंत सांधे कायमचे गेले होते. यालाच पुढे 'हिडन हिअरिंग लॉस' हे नाव पडलं, आणि इंटरनेटवर ते भलतंच लोकप्रिय झालं. माझ्यासमोर बसलेल्या बाईंनीही ते वाचलं होतं. खरं तर माझ्याआधी त्यांनीच ते उच्चारलं.

पहिल्या भेटीचे आकडे

मी तीच टेस्ट पुन्हा केली, पण त्यांना सांगून: "तीच करते, फक्त थोडी पुढे जाते." मधले सूर म्हणजे ३००० आणि ६००० हर्ट्झ धरले, आणि ८००० ला न थांबता वेगळे हेडफोन लावून १६,००० पर्यंत गेले. यासाठी ऑडिओमीटरला जादा उंच सुरांची सोय असावी लागते आणि ती त्यासाठी कॅलिब्रेट केलेली असावी लागते. सगळीकडे ती नसते, म्हणून आधीच्या कुणी केली नाही याबद्दल मला तक्रार नाही.

८००० पर्यंत दोन्ही कान ५ ते १५ डेसिबल. निर्विवाद नॉर्मल. १०,००० ला डावा कान ३० वर. १२,५०० ला उजवा ३०, डावा ५०. १४,००० ला डावीकडून उत्तरच नाही. हेडफोन काढून, पुन्हा बसवून मोजलं, कारण इतक्या उंच सुरांना हेडफोन किंचित सरकला तरी आकडा बदलतो. पाच डेसिबलचा फरक पडला, चित्र तेच राहिलं.

ओएई केली. बाहेरच्या केशपेशी, साधारण बारा हजार, आवाज आला की स्वतः थरथरून त्याला बळ देतात, आणि त्या थरथरीचा प्रतिध्वनी कानातल्या बारीक मायक्रोफोनला ऐकू येतो. डाव्या कानात ६००० हर्ट्झपासून वर तो क्षीण होता. म्हणजे जिथे ऑडिओग्राम अजून 'नॉर्मल' म्हणतो तिथेच यंत्रणा थकायला लागली होती.

मग आवाज जुळवून पाहिला. वेगवेगळे सूर ऐकवत 'याच्याजवळ? याच्या वर?' असं विचारत गेलं की रुग्ण आपल्या आवाजाची पट्टी दाखवतो. त्यांची पट्टी १०,००० हर्ट्झच्या आसपास निघाली, डाव्या कानाची घसरण सुरू होते अगदी त्याच काठावर. ८००० ला थांबणाऱ्या यंत्राला त्यांचा आवाज कधीच सापडणार नव्हता. मोठेपणा जुळवला तर तो त्या सुराच्या त्यांच्या उंबरठ्याच्या फक्त ७ डेसिबल वर.

"एवढासाच?" त्या जवळजवळ दुखावल्या.

हा क्षण जपून हाताळावा लागतो. टिनिटसचा, म्हणजे कानातल्या अशा आवाजाचा, मोजलेला मोठेपणा बहुतेकांत असाच लहान येतो. झोप उडालेल्यांत आणि न उडालेल्यांत या आकड्याचा फार फरक नसतो. चपलेत शिरलेल्या खड्याचं वजन विचारल्यासारखं ते आहे. त्रास मोजायला वेगळी पट्टी लागते. टीएचआय या २५ प्रश्नांच्या प्रश्नावलीत १०० पैकी त्यांचे ६२ आले, म्हणजे तीव्र गटात. 'आवाजामुळे झोप लागत नाही' ला हो, 'गंभीर आजार असेल असं वाटतं' ला हो, 'यातून सुटका नाही असं वाटतं' ला थोडा वेळ थांबून हो.

शेवटी एक मिनिट डाव्या कानात त्यांच्याच पट्टीच्या आसपासचा सरसर आवाज दिला आणि एकदम बंद केला. काहींच्या बाबतीत त्यानंतर टिनिटस थोडा वेळ दबतो. स्टॉपवॉच चालू होतं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि कुजबुजल्या, "गेला." ३८ सेकंद. मग हळूहळू परत आला. त्या रडल्या. मी पाणी दिलं. हा काही उपचार नव्हे, पण अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या कानात शांतता झाली होती आणि ती एका यंत्राने केली होती. आवाज 'मनाचे खेळ' असता तर तो बटणाने थांबला नसता, हे त्यांना मी सांगायची गरज पडली नाही. घरी त्यांचा भाऊ हाच शब्द वापरत होता असं नंतर कळलं.

मी मनाशी निकाल देऊन टाकला. ताशा, उंच सुरांत घट, क्षीण ओएई, त्याच काठावरचा टिनिटस. चित्र पुस्तकात छापण्याजोगं. त्यांना समजावलं, ताशा काही महिने बंद, तीन आठवड्यांनी या.

बेरा करा म्हणाल्या

जाता जाता त्यांनी विचारलं, "बेरा टेस्टमध्ये हिडन लॉस दिसतो म्हणे. करून टाकूया ना."

प्रश्न चुकीचा नव्हता. बेरा म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून, आवाज ऐकवल्यावर श्रवणाच्या नसेतून आणि मेंदूच्या खोडातून उठणाऱ्या विद्युत लाटा टिपणारी चाचणी. २०११ मध्ये शेट आणि मॅकल्पाइन यांनी टिनिटस असलेल्या पण नॉर्मल ऑडिओग्रामच्या स्त्रियांचा बेरा काढला. नसेतून निघणारी पहिली लाट लहान आली, पण मेंदूच्या खोडात पुढे उठणारी पाचवी लाट नॉर्मल. त्यांनी काढलेला अर्थ असा की कानाकडून कमी येतंय म्हणून मेंदूने आपला व्हॉल्यूम वाढवला, आणि त्या वाढीव व्हॉल्यूममध्ये जी खरखर ऐकू येते ती टिनिटस. कल्पना सुंदर आहे. मी ती रुग्णांना सांगतेही. पण २०१७ मध्ये मँचेस्टरच्या गेस्ट आणि सहकाऱ्यांनी नॉर्मल ऑडिओग्रामच्या तरुणांवर असाच अभ्यास केला तेव्हा टिनिटस असलेल्या आणि नसलेल्यांत तो फरक त्यांना सापडला नाही. शिवाय पहिली लाट डोक्याच्या आकाराने, स्त्री-पुरुष भेदाने, इलेक्ट्रोड कुठे चिकटवला त्याने बदलते. गटांची सरासरी काढायला ती ठीक; एका माणसाच्या एका कागदावर बोट ठेवून 'हा बघा तुमचा लपलेला लॉस' म्हणता येत नाही. म्हणणारे भेटतात. फी घेऊन म्हणतात.

मी नाही म्हटलं. बेरा कसाही आला तरी आपण पुढे जे करणार ते बदलणार नव्हतं, आणि नॉर्मल आला असता तर फाईलमध्ये चौथा 'नॉर्मल' जमा झाला असता. बेरा न करताच त्या परत गेल्या आणि थोड्या नाराजच गेल्या.

दुसरी भेट, आणि आईचं बोलणं

तीन आठवड्यांनी फरक शून्य. उलट कुकर, मिक्सर, स्टेशनवरची घोषणा, सगळंच बोचायला लागलं होतं. मोठा आवाज कुठवर सहन होतो ते मोजलं तर ७५ डेसिबललाच त्यांनी हात वर केला. ऐकायला नॉर्मल असलेल्या कानासाठी हे फार लवकर आहे.

"इअरप्लग वापरता का?"

"दिवसभर. ऑफिसला, ट्रेनमध्ये, झोपतानाही. आवाजाने कान खराब झालेत म्हणालात ना तुम्ही."

म्हणाले होते खरं. ताशापासून कान वाचवा हे सांगताना बाकीच्या वेळी काय करायचं नाही ते मी सांगितलं नव्हतं. २०१२ मध्ये शेट यांच्याच गटाने धडधाकट ऐकणाऱ्या १८ जणांच्या एका कानात सात दिवस प्लग ठेवला. १४ जणांना नसलेले आवाज ऐकू यायला लागले आणि प्लग काढल्यावर ते गेले. कानाला उपाशी ठेवलं की मेंदू व्हॉल्यूम चढवतो. माझ्या अर्धवट सल्ल्यावर ही बाई तीन आठवडे तोच प्रयोग स्वतःवर करत होती.

पण खरा धक्का पुढे होता. इम्पिडन्स पुन्हा करायचा म्हणून मी प्रोब कानात बसवत होते. नीट बसेना म्हणून म्हटलं, तोंड उघडा आणि मिटा. त्यांनी दात घट्ट मिटले आणि दचकल्या.

"मॅडम, आत्ता आवाज चढला."

पुन्हा करायला लावलं. चढला. जबडा पुढे काढला, चढला. डावीकडे सरकवला तर पट्टीच बदलली. कपाळावर हात ठेवून मानेने त्याला ढकलायला सांगितलं तर थोडा चढला. गालाच्या मागच्या बाजूला, जिथे दात चावताना स्नायू फुगतो, तिथे बोट दाबलं तर त्या कळवळल्या. डावीकडे जास्त.

कानाची नस मेंदूच्या खोडात जिथे पहिल्यांदा टेकते, त्याच केंद्राशी जबडा आणि मान यांच्याकडून येणारे तंतूही पोचतात. म्हणून दात आवळल्यावर टिनिटस बदलणं पुष्कळ जणांत दिसतं. नुसतं बदलतं म्हणून उगम जबड्यातच असं ठरत नाही. पण दुखरा स्नायू, एका बाजूचा जोर आणि इतका ठळक बदल एकत्र आले की तिकडे पाहिलंच पाहिजे. आणि ही पाच मिनिटांची, बिनयंत्राची, बिनखर्चाची तपासणी मी पहिल्या भेटीत केली नव्हती. केस पेपरवर त्या दोन रेघा होत्या ना.

मी दार उघडून आईंना आत बोलावलं. "झोपेत ही दात खाते का?"

"अहो खाते म्हणजे! दोन-तीन महिने झाले, करकर आवाज येतो. मी जंताचं औषधसुद्धा दिलं हिला."

"आई!"

"दिलं. तुला सांगितलं नव्हतं."

दात खाणं म्हणजे पोटात जंत, ही समजूत आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मोठ्या माणसांत त्याचा संबंध ताणाशी, झोपेशी आणि जबड्याशी अधिक लावला जातो. पण आईचं निरीक्षण पक्कं होतं, आणि ते पहिल्या दिवसापासून माझ्या दाराबाहेरच्या बाकावर बसून होतं.

आता मी तारखा पुन्हा मांडल्या, आणि लाज वाटली. शेवटचं वादन अनंत चतुर्दशीला, म्हणजे सप्टेंबरात. आवाज सुरू झाला डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. मोठ्या आवाजाने आलेला टिनिटस बहुधा त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी कळतो. इथे तीन महिन्यांहून जास्त अंतर होतं आणि मधल्या काळात ताशाला हातही लावलेला नव्हता. हे माझ्याच अक्षरात पहिल्या पानावर होतं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांची खालची डावी अक्कलदाढ काढली होती, तोंड बराच वेळ उघडं ठेवून. नंतर महिनाभर त्या एकाच बाजूने चावत होत्या. दात काढल्याचं त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण कानाच्या माणसाला दाताचं कोण सांगतं? आणि मी विचारलं नव्हतं.

"ज्या रात्री पहिल्यांदा ऐकू आला, त्या रात्री वेगळं काय होतं?"

त्या आठवत राहिल्या. आई म्हणाली, "थंडी नव्हती का पडली? पंखा बंद केला होता आपण."

ठाण्यातली थंडी म्हणजे जेमतेम पंधरा दिवसांचं कौतुक. शाली बाहेर येतात, येऊरला सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी होते, आणि वर्षभर चोवीस तास फिरणारा पंखा थांबतो. त्या पंख्याच्या घरघरीखाली काय काय दडलेलं असतं ते तेव्हा कळतं. १९५३ मध्ये हेलर आणि बर्गमन यांनी कानाची काहीही तक्रार नसलेल्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवून काय ऐकू येतं ते लिहायला सांगितलं. ९४ टक्क्यांनी कसला ना कसला आवाज लिहिला. घोडबंदरच्या फ्लॅटमध्ये त्या रात्री अशीच एक आवाजबंद खोली तयार झाली होती. आवाज त्या रात्री जन्मला की त्या रात्री सापडला, हे आता कुणी सांगू शकणार नाही. मला दुसरं जास्त संभवतं. पुढचं मात्र स्पष्ट आहे. रात्री दोन वाजता मोबाइलवर शोध, ब्रेन ट्यूमर हा शब्द, पहाटेपर्यंत जागरण, आणि दुसऱ्या रात्री पंखा बंद करून 'आहे का बघू' म्हणून कान लावून बसणं. मेंदूला एकदा शिकवलं की हा आवाज धोक्याचा आहे, की तो पहारेकऱ्यासारखा त्याच्यावर नजर ठेवतो. जॅस्ट्रेबॉफ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या प्रारूपाचा गाभा हाच आहे: त्रास कानात कमी आणि भीती-सावधगिरीच्या जोडणीत जास्त तयार होतो.

मी काय मांडलं

तीन थर, आणि त्यांचे वाटे मला सांगता येत नाहीत. उंच सुरांतली घट, जी खरी आहे. तिच्यामागे ताशा असू शकतो, पण १४,००० च्या वरची घसरण वयानेही लवकर सुरू होते, म्हणून सगळं बिल ताशाच्या नावावर फाडणं घाईचं. तिच्यावर जबड्याचा थर, जो आवाज चढवतो-उतरवतो. आणि त्यावर भीती, जागरण, प्लग. पहिला थर माझ्या हातात नव्हता. बाकी दोन होते.

ईएनटी सर्जनना फोन केला. चक्कर नसताना चालू असलेली चक्करची गोळी आणि गिंको (एका झाडाच्या पानांच्या अर्काची गोळी) त्यांनी बंद केली. टिनिटसवर दोन्हींचा उपयोग दिसलेला नाही. दंतवैद्याने दाढांची झिजलेली टोकं दाखवली आणि रात्री लावायचा नाईट गार्ड बनवला. फिजिओथेरपिस्टकडे मान आणि जबड्याचे व्यायाम, आठ आठवडे. प्लग टप्प्याटप्प्याने काढायचे: आधी घरात, मग ऑफिसात, शेवटी ट्रेनमध्ये. झोपताना पंखा, आणि पंखा नको असेल तर पावसाचा आवाज अगदी हळू, टिनिटस बुडणार नाही इतका. बुडवला तर मेंदूला त्याची सवय व्हायची संधीच मिळत नाही, अशी त्यामागची कल्पना.

मानसशास्त्रज्ञाकडे जा म्हटल्यावर गाडी अडली. आई उठूनच उभी राहिली. "म्हणजे तुम्ही हिला त्या हॉस्पिटलला पाठवताय?" ठाणेकरांना हे समजवावं लागत नाही. १९०१ पासूनचं मनोरुग्णालय आमच्या गावात आहे आणि 'ठाण्याला दाखवून आण' हा टोमणा ऐकतच आम्ही मोठे झालो. मी आईंना स्टॉपवॉचची गोष्ट सांगितली, ३८ सेकंदांची. आवाज खरा आहे, तो खोटा ठरवायला कुणाकडे पाठवत नाही; त्याच्याकडे लागलेलं लक्ष सोडवायला पाठवते. टिनिटसच्या त्रासावर, आवाजावर नव्हे, सर्वांत चांगला पुरावा याच बोलण्याच्या उपचाराचा, सीबीटीचा आहे. आई बसल्या. पटलं की दमल्या, माहीत नाही.

रिपोर्टवर मी 'श्रवणक्षमता नॉर्मल' लिहिलं नाही. लिहिलं: २५० ते ८००० हर्ट्झ नॉर्मल मर्यादेत; त्यापुढे दोन्ही कानांत घट, डावीकडे अधिक; टिनिटस सुमारे १०,००० हर्ट्झ, जबड्याच्या हालचालीने बदलणारा. दोन ओळी जास्त. त्यांनी तिथेच फोटो काढून भावाला पाठवला.

मेमध्ये टीएचआय ४४, जुलैमध्ये २६. मोठे आवाज आता ९० पर्यंत सहन होतात. दात आवळले की टिनिटस अजून चढतो, पण पूर्वीएवढा नाही. १२,५०० चा डाव्या कानाचा आकडा ५० होता तो ५० च आहे. आवाज गेलेला नाही. काही रात्री तो आहे की नाही हे पाहायचंच राहून जातं, असं त्या म्हणाल्या.

जुलैत त्यांनी दबकत विचारलं, यंदा वाजवू का? मी एका संध्याकाळी पथकाच्या सरावाला मीटर घेऊन गेले. ताशापासून हातभर अंतरावर काटा १०० च्या खाली आला नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी अमेरिकेत शिफारस आहे ती ८५ डेसिबलला आठ तासांची, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला पंधरा मिनिटं उरतात. मिरवणूक पंधरा मिनिटांत चौकातून हलत नाही. शिवाय ताशाचा पट्टा मानेवर. मी 'नाही' म्हटलं असतं तर ते सोपं होतं, पण पथक म्हणजे त्यांची माणसं. ठरलं ते असं: कानाच्या मापाचे, सूर न बिघडवता आवाज उतरवणारे फिल्टरचे प्लग, फक्त वादनाच्या वेळी, सलग दोन फेऱ्या नाहीत, पट्टा मानेऐवजी खांद्यावरून. पथकातले आणखी दोघे परवा तपासायला आले, दोघांचेही ८००० पर्यंतचे ऑडिओग्राम नॉर्मल, एकाला पुढे घट. दोघांनाही मी आधी जबडा हलवायला लावला.

त्यांची पुढची तपासणी अनंत चतुर्दशीनंतर दहा दिवसांनी लावली आहे. तेव्हा १२,५०० चा आकडा हलला असेल, तर ताशाचा विषय मला पुन्हा काढावा लागेल.